इंग्रजी वॉर बो: लाकूड निवडण्यापासून कानापर्यंत ओढण्यापर्यंत

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथसमोर सोलंट सामुद्रधुनीत बुडाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला तिचा सांगाडा पाण्याबाहेर काढला गेला. गाळाने जपलेल्या या जहाजातून १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले. क्रेसी (१३४६), पॉटिए (१३५६) आणि ॲजिनकोर (१४१५) या लढाया इंग्रजांनी ज्या धनुष्यांच्या जोरावर जिंकल्या, त्यांतलं खात्रीने दाखवता येईल असं एकही आज उरलेलं नाही. त्यामुळे वॉर बो, म्हणजे हे जड लढाऊ धनुष्य, बनवणारा प्रत्येक हौशी माणूस मापांसाठी शेवटी या जहाजापाशीच येतो.

ही धनुष्यं यू झाडाच्या एकसंध लाकडाची आहेत. लांबी १.८७ ते २.११ मीटर, सरासरी दोन मीटरच्या जरा आत. प्रतिकृती बनवून आणि गणित मांडून अभ्यासकांनी त्यांचं ड्रॉ वेट, म्हणजे पूर्ण ओढल्यावर बोटांवर येणारं वजन, साधारण १०० ते १८५ पाउंड काढलं आहे. किलोमध्ये ४५ ते ८४. ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज ५० पाउंडांच्या आसपास ओढतात.

हे आकडे वाचून काही जण नाद सोडतात, तर काही जण पहिल्याच दिवशी शंभर पाउंडांच्या मागे लागतात. दुसऱ्या गटातल्यांचे खांदे आणि लाकडं दोन्ही मोडतात. ह्यू लॅटिमर या माजी बिशपने १५४९ साली राजासमोर केलेल्या प्रवचनात आपल्या शेतकरी वडिलांनी धनुष्य कसं शिकवलं ते सांगितलं आहे: वय आणि ताकद वाढेल तसं मोठं धनुष्य हातात द्यायचे आणि हातांच्या जोराने न ओढता अंग धनुष्यात घालायला लावायचे. माझ्या मते या छंदाचं सगळं शास्त्र एवढंच आहे. लाकूड असो वा शरीर, थोडं वाकवायचं, दोष कुठे आहे ते बघायचं, तो काढायचा आणि मगच पुढे वाकवायचं. खालची प्रत्येक पायरी याच क्रमाने जाते.

आधी काय बनवायचं ते ठरवा

पहिलं धनुष्य ४५ पाउंडांचं करा, पण लांबी आणि ओढ वॉर बोची ठेवा. आजचे क्लबमधले लाँगबो, म्हणजे खेळातली लांब लाकडी धनुष्यं, हनुवटीपर्यंत, साधारण २८ इंच ओढतात. वॉर बो कानापर्यंत किंवा कानाच्याही मागे, ३० ते ३२ इंच ओढला जातो. २८ इंचांची सवय अंगात मुरली की पुढे ती मोडायला फार जड जातं. म्हणून वजन हलकं, ओढ पूर्ण.

तुमची ओढ मोजायला एखादं अगदी हलकं धनुष्य आणि लांब काठी घ्या. छाती उघडून कानापर्यंत ओढा आणि धनुष्याच्या पुढच्या कडेपाशी काठीवर दुसऱ्या कोणाला तरी खूण करायला सांगा. या लेखात मी ३१ इंच धरतो आहे. त्यासाठी धनुष्याची लांबी १.९५ मीटर ठेवा. धनुष्य जितकं लांब, तितका लाकडावरचा ताण कमी आणि नवख्या हाताला तेवढी सवलत जास्त.

लाकूड

यूमध्ये निसर्गाने दोन लाकडं जोडून दिली आहेत. सालीलगतचं फिकट, मलईच्या रंगाचं लाकूड ताण सहन करतं आणि आतला नारिंगी-तपकिरी गाभा दाब सहन करतो. धनुष्य ओढलं की त्याची पाठ (नेम धरताना पुढे असणारी बाजू) ताणली जाते आणि पोट (आपल्याकडची बाजू) दाबलं जातं. म्हणून फिकट थर पाठीला ठेवायचा आणि गाभा पोटाला. थंड, उंच जागी सावकाश वाढलेला, दाट वलयांचा यू सर्वांत चांगला. इंग्लंडला तो देशात पुरत नसे. १४७२ च्या कायद्याने तर बंदरात माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांना प्रत्येक टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणणं सक्तीचं केलं होतं.

पहिल्या धनुष्यासाठी यू घेऊ नका. चांगला दांडा महाग असतो, गाठी असतात आणि शिकण्यासाठी तो वाया घालवणं मला पटत नाही. शिवाय यूचं झाड विषारी आहे. त्याची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही, त्यामुळे यूवर काम करताना चांगला मास्क हवाच. हिमालयातल्या यूचा विचार मनातूनच काढून टाका. औषधासाठी त्याची बेसुमार तोड झाली आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

इंग्लंड-अमेरिकेत असाल तर ॲश घ्या. मध्ययुगातही स्वस्तातली धनुष्यं ॲश, एल्म आणि हेझलची होत. महाराष्ट्रात धामणीचं लाकूड चिवट आणि लवचिक म्हणून धनुष्यांसाठी पूर्वीपासून वापरात आहे. मिळालं तर परवानाधारक वखारीतूनच घ्या, रानात जाऊन झाड तोडू नका.

निवडताना बाकी सगळं विसरून लाकडाचा धागा बघा. उभ्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच एखादी रेष कडेतून बाहेर पळत असेल तर धनुष्य नेमकं तिथेच मोडेल. करवतीने कापलेल्या फळीपेक्षा पाचर मारून फाडलेला दांडा चांगला, कारण फाटताना लाकूड आपला धागा स्वतःच दाखवतं. हिवाळ्यात तोडलेल्या ओंडक्याच्या टोकांना लगेच फेव्हिकॉल किंवा मेण फासा, नाहीतर टोकांतून पाणी झपाट्याने उडून उभ्या चिरा पडतात.

ओलावा ९ ते १२ टक्के हवा. स्वस्तातलं मॉइश्चर मीटर इथे उपयोगी पडतं. त्याहून ओलं लाकूड वाकून तसंच राहतं आणि फार कोरडं लाकूड तडकतं. कोकण, मुंबई, पुण्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की वाळलेलं लाकूडही १७-१८ टक्क्यांपर्यंत पाणी धरतं. म्हणून तिकडे टिलरिंग (दांडा सारखा वाकेपर्यंत खरवडणं, ते पुढे येतंच) दिवाळीनंतर करावं.

आकार

हत्यारं मोजकीच: दोन मुठींचा सुरा (ड्रॉनाइफ), रंधा, रफ कानस, बारीक कानस, लोखंडी पट्टीचा स्क्रेपर, सँडपेपर आणि घट्ट व्हाइस. स्क्रेपरला पर्याय नाही. बाकीच्यांत तडजोड चालते.

सुरुवात पाठीपासून. ॲशवर साल आणि अंतरसाल काढली की खाली जे लाकूड दिसतं तीच पाठ. त्या वलयाला कुठेही खरवडा जाता कामा नये. पाठीवरचे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिले तरच धनुष्य टिकतं. फळीतून बनवत असाल तर सगळ्यांत सरळ धाग्याची बाजू पाठ म्हणून धरा. पुढे यूवर काम कराल तेव्हा फिकट थर खरवडत सुमारे ६ मिलिमीटरवर आणायचा, तोही एकाच वलयाच्या मागोमाग. गाठ आली की तिच्याभोवतीचं लाकूड थोडं उंच सोडायचं. जुन्या धनुष्यांवर हे उंचवटे स्पष्ट दिसतात.

पाठीवर मध्यरेषा आखा. धागा नागमोडी असेल तर रेषाही नागमोडी. फूटपट्टीपेक्षा लाकडाचं ऐकायचं. मग मापं: मध्यावर रुंदी ३५ मिमी, तिथून टोकांना १३ मिमीपर्यंत सरळ निमुळती. जाडी मध्यावर ३० मिमी, टोकांना १५. ही मापं मुद्दाम जास्त आहेत, नंतर कमी होतील. छेद इंग्रजी D अक्षरासारखा: पाठ जवळजवळ सपाट, पोट गोलाकार. ॲश दाबाला यूइतकं खंबीर नाही, तेव्हा त्याचं पोट जरा चपटंच ठेवा. ब्रिटिश लाँग-बो सोसायटीच्या नियमानुसार जाडी कुठेही रुंदीच्या पाच-अष्टमांशापेक्षा कमी असू नये. तेवढं सांभाळलं की चपटं पोट चालतं.

एक गणित डोक्यात पक्कं ठेवा. ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे रुंदी १० टक्के घटवली तर ताठपणा १० टक्के जातो, पण ३० मिमी जाडीतले ३ मिमी काढले तर २७ टक्के जातो. म्हणून शेवटच्या टप्प्यात पोटावर रंधा नको, फक्त स्क्रेपर.

टिलरिंग

धनुष्य दोन्ही बाजूंनी सारखं आणि योग्य कमानीत वाकेपर्यंत पोटाचं लाकूड काढत जाणं म्हणजे टिलरिंग. दांड्याचं धनुष्य इथेच होतं आणि जवळपास सगळी धनुष्यं मोडतात तीही इथेच.

पहिली तपासणी जमिनीवर. एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं हातात धरा आणि मधोमध दाबा. भुजा, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा भाग, जराशी लवते का, कुठे ताठ वाटते, ते बघा. दोन्ही भुजा सारख्या लवू लागल्या की टोकांजवळ कानशीने तात्पुरत्या खाचा करा आणि धनुष्याच्या लांबीएवढी, सैल बसणारी मजबूत दोरी लावा. ही ‘लांब दोरी’.

आता भिंतीवर टिलरिंगचा ठोकळा लावा: धनुष्याची मूठ टेकवायला घट्ट आधार, खाली जमिनीजवळ एक कप्पी. दोरीला हुक अडकवून दोर कप्पीतून फिरवा आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून ओढा. मध्ये बॅगा तोलायचा ५० किलोवाला डिजिटल काटा लावा. दूर उभं राहण्याला दोन कारणं आहेत: संपूर्ण कमान डोळ्यांसमोर येते आणि लाकूड मोडलंच तर तुकडे तुमच्या तोंडावर येत नाहीत. डोळ्यांना चष्मा लावा. मागे भिंतीवर चौकटी आखलेला कागद चिकटवला तर डाव्या-उजव्या भुजेतला फरक लगेच कळतो.

यापुढचा एकमेव नियम: काटा ४८ पाउंडांपुढे (सुमारे २२ किलो) एकदाही जाऊ द्यायचा नाही. शेवटच्या सँडपेपरमध्ये दोन-तीन पाउंड जातात, म्हणून ४५ ऐवजी ४८. सुरुवातीला १२ इंचांतच काटा ४८ दाखवेल. तिथे थांबा. कमान बघा, ताठ जागा पेन्सिलने रंगवा, तेवढ्याच खरवडा, मग वजनाच्या आत तीस-चाळीस वेळा हलकेच ओढा-सोडा. खरवडल्याचा परिणाम लाकडात लगेच दिसत नाही, या हलक्या ओढींनंतरच दिसतो. मग पुन्हा बघा. ओढ १२ वरून १४, १६, २० अशी सरकत जाईल. वजन तेच, ओढ वाढत जाते. कमान चुकलेली असताना पुढचा एक इंचही ओढायचा नाही.

ताठ जागा डोळ्यांना दिसत नसेल तर १५ सेंटिमीटरचा सरळ लाकडी ठोकळा घ्या, त्याच्या मध्यात भोक पाडून पेन्सिल बसवा. धनुष्य ओढलेलं असताना जिथे ते सगळ्यांत जास्त वाकलं आहे तिथे ठोकळा ठेवून पेन्सिलचं टोक जेमतेम टेकेल इतकं बाहेर काढा. मग ठोकळा पोटावरून फिरवा. जिथे वाक कमी, तिथे पेन्सिल रेष ओढते. रेष आली तिथलंच लाकूड काढायचं. जिथे रेष नाही, ती जागा आधीच जास्त वाकते आहे, तिला हात लावायचा नाही. एखाद्या ठिकाणी कोपर मोडल्यागत वाक दिसला तर तिथे काहीही करू नका. त्याच्या दोन्ही बाजूंची लाकडं उतरवत त्या वाकाला गाठा.

वॉर बोची कमान मुठीसकट एका वर्तुळाच्या तुकड्यात वाकते. नंतरच्या काळातल्या खेळाच्या लाँगबोंची मूठ ताठ असते. ही सवय अनेकांच्या डोळ्यांत बसलेली असते आणि मग ते वॉर बोची मूठही जाड सोडतात आणि टोकं जास्त वाकतात. मध्यभाग थोडा तरी हललाच पाहिजे.

लांब दोरीवर २० इंचांपर्यंत नीट कमान आली की आखूड दोरी चढवा. आधी दोरी आणि मुठीत ७-८ सेंटिमीटर अंतर ठेवून, मग हळूहळू १५ सेंटिमीटर. शेवटी दोरी आणि मुठीमध्ये १५ ते १७ सेंटिमीटर अंतर असावं. चढवल्यावर धनुष्य टोकाकडून बघा: दोरी मुठीच्या मध्यावरून जाते का? एका बाजूला सरकली असेल तर भुजेच्या कडेचं लाकूड काढून ती मध्यावर आणता येते.

पोटाकडे वारंवार तिरक्या उजेडात बघा. आडव्या, केसाएवढ्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर लाकूड दाबाखाली चुरगळू लागलं आहे. तिथे जास्त वाक आहे, म्हणजे आजूबाजूचं लाकूड काढायला हवं होतं. अशा धनुष्याचं वजन कमी करून ते वाचवता येतं. पाठीवर तंतू उचलला गेला तर मात्र त्या धनुष्याला पुन्हा पूर्ण ओढायचं नाही.

३१ इंचांवर ४८ पाउंड आले की टिलरिंग संपलं. सँडपेपर मारा, मग जवसाचं तेल आणि मेण. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून बाहेर पसरून ठेवा.

शिंगाची टोकं आणि दोरी

हलक्या धनुष्याला लाकडातल्या खाचा पुरतात. जड धनुष्याची दोरी मऊ लाकूड कापते, म्हणून टोकांवर शिंग बसवतात. मेरी रोझच्या धनुष्यांवरचं शिंग गाळात बहुतेक नष्ट झालं, पण टोकांवरच्या खुणांवरून ते होतं हे कळतं. पहिल्या धनुष्यावरही शिंग लावाच, हात बसतो.

गाय किंवा म्हशीच्या शिंगाचं भरीव टोक घ्या. व्हाइसमध्ये घट्ट धरून निमुळत्या ड्रिल बिटने मधोमध भोक पाडा. शिंग तापलं की जळक्या केसांसारखा वास सुटतो, धूळ नाकात जाते, म्हणून मास्क लावून उघड्यावर काम करा. धनुष्याचं टोक त्याच निमुळत्या मापाला घासा. खडू फासून शिंग घालून फिरवायचं, खडू पुसला गेला तिथे लाकूड टेकतं. ते घासत राहायचं. सगळीकडे सारखा खडू पुसला जाऊ लागला की एपॉक्सीने चिकटवा. मग बाहेरून आकार आणि गोल कानशीने दोरीची खाच. खाचेला एकही धारदार कड राहता कामा नये.

दोरी तेव्हा हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, धाग्याची असे. आज डॅक्रॉन (पॉलिस्टरचा धागा) वापरा. दोरीची तुटण्याची मर्यादा धनुष्याच्या वजनाच्या निदान चौपट हवी. ४५ पाउंडांना बी-५० डॅक्रॉनचे १२ ते १४ धागे नीट बसतात, बाणाच्या खाचेतही मावतात. वर पीळ दिलेली एक कडी, खाली ‘टिंबर हिच’ नावाची गाठ. खालची गाठ सोडून-बांधून दोरीची लांबी जुळवता येते. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते, तेव्हा ही सोय फार कामाची आहे. बाण अडकतो तिथे वेगळा धागा घट्ट गुंडाळा.

बाण

वॉर बोचा बाण हा या छंदातला सर्वांत देखणा भाग आहे आणि त्यावर वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं. मेरी रोझवरचे बाण बहुतेक पॉप्लरचे, थोडे बर्च, ॲश वगैरेचे. पुढे जाड आणि पिसांकडे निमुळते. हौशी लोक आज साधारण अर्ध्या इंचापासून (१२.७ मिमी) ९.५ मिमीपर्यंत निमुळते करतात. लोखंडी टोकासकट असा बाण साठ ग्रॅमच्या पुढे जातो. क्लबमधल्या साध्या लाकडी बाणाच्या दुपटीहून जास्त.

पण ४५ पाउंडांचं धनुष्य तो बाण नीट फेकू शकत नाही. पहिल्या धनुष्याला ११/३२ इंची पाइन किंवा स्प्रूसच्या काड्या घ्या, ४५ ते ५० पाउंडांच्या ताठपणाच्या. ओढ ३१ इंच असेल तर काडी किमान ३२ इंच हवी. टोक मुठीच्या आत ओढलं गेलं तर बाण हातात घुसतो.

जाड बाण करायची वेळ येईल तेव्हा चौकोनी पट्टी घ्या, फळीत V आकाराची पन्हळ कोरून त्यात ठेवा, कडा रंध्याने उतरवत अष्टकोनी आणि मग गोल करा. मागच्या टोकाला आधी दोरीच्या खाचेला काटकोनात सुमारे ५ सेंटिमीटरची चीर द्या, त्यात शिंगाची पातळ चिप चिकटवा, मग दोरीची खाच कापा. ही चिप नसेल तर जड धनुष्याची दोरी बाण मागून फाडते, आणि फाटलेला बाण म्हणजे रिकामी दोरी सोडल्यागतच, धनुष्यही जातं.

पिसं हंसाच्या पंखाची, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, म्हणजे वळण सारखं येतं. लांबी साधारण १८ सेंटिमीटर, उंची मागे २ सेंटिमीटर आणि पुढे उतरती. पाचव्या हेन्रीने १४१७ साली प्रत्येक हंसामागे सहा पिसं काढून द्यायचा हुकूम दिला होता, आणि ॲस्पेनचं लाकूड बाणांसाठी राखून ठेवावं म्हणून १४१६ मध्ये लाकडी चपला करणाऱ्यांना ते वापरायला मनाई केली होती. एका बाणाला हाताने तीन पिसं गुंडाळून बघितली की इतका माल का लागत असेल ते कळतं.

पीस चिकटवल्यावर रेशमी किंवा लिनन धाग्याने पिसाच्या पुढच्या टोकापासून सुरुवात करा. सुईने पिसाच्या तंतूंची फट करायची, धागा काडीभोवती फिरवून त्या फटीतून न्यायचा, पाच-सहा मिलिमीटर पुढे सरकून पुन्हा. धागा सतत ताणलेला ठेवा, सैल पडला की आधीचा वेढाही सरकतो. पिसाचे तंतू बोटाने कुरवाळले की पुन्हा जुळतात. शेवटी वेढ्यांवर पातळ वॉर्निश. मध्ययुगात गोंदात तांब्याचा जंगही मिसळत, कीड लागू नये म्हणून. तो विषारी आहे, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

लोखंडी टोकांत बॉडकिन, म्हणजे लांब सुईसारखं टोक, सगळ्यांना भुरळ घालतं. पण गवताच्या किंवा फोमच्या लक्ष्यावर साधी फील्ड टोकं लावा. बॉडकिन काढताना लक्ष्य आणि बाण दोन्हींची वाट लागते.

ओढणं आणि सोडणं

रॉजर ॲस्कम या इंग्रज लेखकाने १५४५ मध्ये धनुर्विद्येवरच्या आपल्या पुस्तकात नेमबाजीचे पाच भाग केले: उभं राहणं, बाण जोडणं, ओढणं, धरणं, सोडणं. त्यातलं धरणं जवळजवळ नसल्यासारखं असावं असं त्याचं मत. जड धनुष्य ओढून धरून नेम लावत बसलात तर हात थरथरतो आणि लाकूडही थकतं.

पाय खांद्यांहून जरा रुंद ठेवा. वॉर बोला वेगळी बसवलेली मूठ किंवा बाण टेकवायचा कट्टा नसतो, बाण धनुष्य धरलेल्या हाताच्या बोटावर टेकतो. पिसाचं बूड बोट कापतं, म्हणून त्या हातात पातळ चामडी हातमोजा घाला. कोपराखाली चामडी पट्टा, दोरीच्या बोटांना चामड्याचा टॅब.

ओढताना धनुष्य आधी समोर लांबवून मग दोरी मागे खेचू नका. त्यात सगळा भार दंडावर येतो. दोन्ही हात छातीजवळून सुरू करा, डावा खांदा खाली दाबून ठेवा, आणि छाती उघडत स्वतः धनुष्य आणि दोरीच्या मधोमध शिरा. धनुष्य पुढे ढकललं जातं, कोपर मागे जातं, पाठीची पाती एकमेकांकडे येतात. कंबर थोडी मागे बसते. लॅटिमरच्या वडिलांनी सांगितलेलं अंग घालणं ते हेच. डावा खांदा कानाकडे वर उचलला गेला की तिथेच थांबा, सोडू नका, परत आणा. हा दोष ४५ पाउंडांत दिसत नाही आणि ८० पाउंडांत खांदा खातो. आरशासमोर किंवा मोबाइलवर चित्रण करून तपासा.

जागा ही गंभीर बाब आहे. ४५ पाउंडांचा बाणसुद्धा वर रोखून सोडला तर शंभर मीटरच्या पलीकडे जातो. जड वॉर बोचा दोनशेच्या पलीकडे. १५४१ च्या कायद्यात तर २४ वर्षांवरच्या पुरुषांनी २२० यार्डांपेक्षा जवळच्या लक्ष्यावर सराव करू नये असं होतं. म्हणून क्लबच्या मैदानावरच सोडा, मागे मोकळी जागा किंवा मातीचा बांध हवा, आणि पुढे कोणी असताना बाण जोडायचाही नाही. धनुष्यबाणाने शिकार ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने आणि भारतात १९७२ च्या कायद्याने बंद आहे. हा छंद लक्ष्यावरचा आणि लांब पल्ल्याचा.

प्रत्येक बाण सोडण्याआधी काडी बोटांत फिरवा आणि किंचित वाकवून बघा. तडा गेलेला बाण मोडून टाका. रिकामी दोरी कधीही सोडू नका, आणि तुमच्या टिलरिंगच्या लांबीपुढे उंच मित्राला ओढायला देऊ नका.

शरीर

टिलरिंगचा नियम इथे जसाच्या तसा लागू आहे. ४५ पाउंडांवर पूर्ण ओढ, खांदा खाली आणि स्वच्छ सुटका जमेपर्यंत वजन वाढवायचं नाही. नंतर पाच-पाच पाउंडांनी वाढवा. आठवड्यात दोन-तीन सराव, मध्ये विश्रांती. स्नायू लवकर वाढतात पण बोटांच्या आणि कोपराच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट तंतू) मागे राहतात, दुखणं तिथूनच सुरू होतं. कोपराच्या आतल्या बाजूला सणक आली तर त्या आठवड्याचा सराव बंद. उलट्या हातानेही हलकं धनुष्य ओढत राहा, पाठ एकांगी होत नाही.

मेरी रोझवरच्या अनेक सांगाड्यांत खांद्याच्या पात्याचं टोक मुख्य हाडाशी जुळलेलं नाही. ते हाड विशीच्या आसपास पूर्ण जुळतं, त्यामुळे लहानपणापासून जड धनुष्य ओढणाऱ्यांचे हे खांदे असावेत असं मानलं जातं. आपण प्रौढ वयात सुरुवात करतो, आपली हाडं तशी बदलणार नाहीत. शंभर पाउंड हे निरोगी माणसाला नियमित सरावाने काही वर्षांत गाठता येणारं लक्ष्य आहे. दीडशे पाउंड फार थोड्यांना जमतं आणि ते जमलंच पाहिजे असं काही नाही.

देखभाल, आणि पुढचा दांडा

सराव संपला की दोरी लगेच उतरवा. धनुष्य आडवं ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत कधीच नाही. थंडीत पूर्ण ओढण्याआधी अर्ध्या ओढीने लाकूड जागं करा. दर महिन्याला पोटाच्या सुरकुत्या, पाठीचे तंतू आणि दोरीच्या कड्या बघा.

दुसरं धनुष्य ६० पाउंडांचं, त्याच लांबीचं. तिसरं यूचं. त्यासाठीचा यूचा दांडा मात्र आजच घ्या, कारण ओला फाडलेला दांडा नीट वाळायला तीनेक वर्षं लागतात आणि साधारण तेवढाच काळ तुमच्या पाठीलाही लागणार आहे. टोकं मेणाने बंद करा, पाठ वर करून सावलीत आडवा ठेवा आणि बुडावर तारीख लिहा.